जीवविज्ञानातील पीएच.डी. आणि एकात्मिक पीएच.डी.चे प्रवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र आणि गोव्यातील महाविद्यालयांतून बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करून भारतातील संशोधन संस्थांत जीवविज्ञानाच्या पीएच.डी.साठी अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. परीक्षांच्या तारखा, शुल्क आणि वयोमर्यादा यांत बदल होत असतात, त्यामुळे त्यांसाठी त्या त्या वर्षीची अधिसूचनाच प्रमाण मानावी.

पीएच.डी. आणि एकात्मिक पीएच.डी. यांत फरक काय?

एकात्मिक पीएच.डी.ला तीन वर्षांच्या बी.एस्सी.नंतर प्रवेश मिळतो. पहिली दोन वर्षे अभ्यासक्रम आणि छोटे प्रकल्प यांत जातात, त्यानंतर संशोधन सुरू होते आणि शेवटी एम.एस्सी. व पीएच.डी. अशा दोन्ही पदव्या मिळतात. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि तिचेच बंगळूर येथील जीवविज्ञानाचे केंद्र असलेली एनसीबीएस येथे असे अभ्यासक्रम आहेत. थेट पीएच.डी.साठी साधारणपणे एम.एस्सी. लागते, मात्र बी.टेक., एम.बी.बी.एस., बी.व्ही.एस्सी. यांसारख्या चार वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या व्यावसायिक पदव्या घेतलेल्यांनाही अनेक संस्था थेट अर्ज करू देतात.

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षीच संशोधन करायचे हे नक्की झाले असेल, तर एकात्मिक मार्ग चांगला. ते नक्की नसेल तर आधी एम.एस्सी. करणेच शहाणपणाचे, कारण तिच्या शेवटच्या सत्रातील प्रबंधिकेच्या कामातून प्रयोगशाळेतले रोजचे जगणे आपल्याला मानवते की नाही हे कळते.

चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एम.एस्सी. न करता पीएच.डी. करता येईल का?

नियमानुसार येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 मधील विनियमांनी चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी किमान 75 टक्के गुणांनी मिळवलेल्यांना पीएच.डी.साठी पात्र ठरवले आहे. एम.एस्सी. करून येणाऱ्यांसाठी ही अट 55 टक्के आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. ही किमान अट असल्याने संस्था स्वतःची अट याहून कडक ठेवू शकते. शिवाय मुलाखतीत शेजारी बसलेल्या उमेदवारांकडे प्रयोगशाळेतील एक-दोन वर्षांचा जास्तीचा अनुभव असेल, हेही लक्षात ठेवावे.

नेमक्या कोणत्या परीक्षा द्यायच्या?

एका परीक्षेवर सगळी भिस्त ठेवू नये. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) आणि विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) यांची नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा (जीवविज्ञान), अभियांत्रिकी व विज्ञान शाखांसाठीची गेट, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बेट ही पात्रता परीक्षा आणि टीआयएफआर-एनसीबीएस यांची जीबिल्स या नावाने ओळखली जाणारी सामायिक प्रवेश परीक्षा, या चार परीक्षांत बहुतेक दारे येतात. एकात्मिक पीएच.डी.साठी आयआयटींची जॅम (एम.एस्सी. प्रवेशाची सामायिक परीक्षा) आणि जीबिल्स या दोन महत्त्वाच्या आहेत.

गेटमध्ये जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी तीन पर्याय आहेत. पहिला एक्सएल हा जीवशास्त्रांचा पेपर. त्यात रसायनशास्त्र सक्तीचे असते आणि जीवरसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र व अन्नतंत्रज्ञान यांपैकी दोन विभाग निवडायचे असतात. दुसरा जैवतंत्रज्ञानाचा, आणि तिसरा परिस्थितिकी व उत्क्रांतीचा. क्षेत्रकार्याची ओढ असलेल्यांना हा तिसरा पेपर अनेकदा ठाऊकच नसतो. गेटचे गुण तीन वर्षे चालतात, त्यामुळे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी दिलेली गेटही वाया जात नाही.

नेटच्या निकालात आता तीन गट का दिसतात?

जून 2024 च्या सत्रापासून उमेदवार तीन गटांत पात्र ठरवले जातात. पहिल्या गटाला कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती म्हणजे जेआरएफ, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता मिळते. दुसऱ्या गटाला छात्रवृत्ती मिळत नाही, उरलेल्या दोन्ही गोष्टी मिळतात. तिसरा गट केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांतील उमेदवारांना विद्यापीठांतील प्रवेशासाठी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. ‘नेट झाले आहे’ असे अर्जात मोघम लिहू नये. गट, सत्र आणि गुणानुक्रम स्पष्ट लिहावेत.

नेटचा जीवविज्ञानाचा पेपर कसा असतो आणि त्याची तयारी किती दिवस करावी?

तीन तासांत 200 गुण. भाग अ मध्ये सर्वसाधारण बुद्धिमत्तेचे 20 प्रश्न असून 15 सोडवायचे असतात. भाग ब मधील 50 पैकी 35, आणि भाग क मधील 75 पैकी 25. पहिल्या दोन भागांत प्रत्येक बरोबर उत्तराला दोन गुण, भाग क मध्ये चार, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी चौथा हिस्सा वजा.

या आकड्यांतच तयारीची दिशा आहे. निम्मे गुण भाग क मध्ये आहेत आणि तिथे तीनपैकी दोन प्रश्न सोडून द्यायची मुभा आहे. त्यामुळे रेण्वीय जीवशास्त्रापासून परिस्थितिकीपर्यंतची तेराही प्रकरणे सारख्याच वरवरच्या नजरेने वाचणाऱ्यापेक्षा पाच-सहा प्रकरणे खोलवर समजून घेणारा विद्यार्थी पुढे जातो. भाग क मधले प्रश्न प्रयोगांचे असतात. एखादे जनुक काढून टाकले, एखादा रोधक टाकला, जेलवर अमुक पट्टे दिसले, तर निष्कर्ष काय, अशा धाटणीचे. खासगी शिकवण्यांच्या नोट्स पाठ करून भाग ब निभावतो, भाग क नाही. दिवसांचा हिशेब सांगता येणार नाही, परंतु मागील पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्याशिवाय परीक्षेला बसू नये.

जीबिल्सची तयारी वेगळी करावी लागते का?

होय. ही परीक्षा साधारणपणे डिसेंबरमध्ये होते. तिच्यात पाठांतराला वाव कमी आणि तर्काला जास्त. बारावीपर्यंतचे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि आलेख वाचण्याची सवय येथे कामी येते. बारावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्यांनी संभाव्यता, घातांक-लॉगॅरिदम आणि साधे संख्याशास्त्र पुन्हा उजळून घ्यावे. टीआयएफआरच्या मुंबई, बंगळूर आणि हैदराबाद येथील केंद्रांखेरीज इतर काही संस्थाही या परीक्षेचे गुण मुलाखतीच्या निवडीसाठी वापरतात.

महाराष्ट्र आणि गोव्यात कोणत्या संस्था आहेत, आणि पदवी कोण देते?

पुण्यात पाषाणला आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आणि 1946 पासून काम करणारी आघारकर संशोधन संस्था आहे. शिवाय राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरचा जीवविज्ञान विभाग, पवईला आयआयटीचा जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग, परळला प्रजनन आणि बालआरोग्य संशोधनाची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) संस्था, वर्सोव्याला मत्स्यशिक्षण संस्था, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ. ज्यांना पक्षी, वन्यजीव किंवा अधिवास यांवर काम करायचे आहे त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचाही विचार करावा.

यांपैकी सर्वच संस्था स्वतः पदवी देत नाहीत. आयसर, आयआयटी आणि टीआयएफआर देतात. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांतील (वरच्या यादीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) बहुतेक विद्यार्थ्यांची नोंदणी ॲक्सिर या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेत होते, ॲक्ट्रेकमधील विद्यार्थ्यांची होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत, तर पेशी विज्ञान केंद्र आणि आघारकर येथील विद्यार्थ्यांची बहुधा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. नोंदणी कुठे होणार यावर अभ्यासक्रम, शुल्क आणि प्रबंध सादर करण्याचे नियम अवलंबून असतात. म्हणून हा प्रश्न प्रवेश घेण्यापूर्वी विचारावा.

संस्था निवडावी की मार्गदर्शक?

मार्गदर्शक. संस्थेचे नाव पदवीच्या कागदावर राहते, मात्र पाच-सहा वर्षे रोज सकाळी ज्या खोलीत शिरायचे असते ती खोली एका व्यक्तीच्या स्वभावाने चालते. कमी नावाजलेल्या संस्थेतील चांगल्या प्रयोगशाळेत शिकलेले विद्यार्थी पुढे उत्तम काम करतात, आणि नामवंत संस्थेतही मार्गदर्शकाशी न पटल्याने तिसऱ्या-चौथ्या वर्षी काम सोडणारे असतात.

मार्गदर्शकाबद्दल माहिती काढायची ती आधी त्यांच्या गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंधांतून. पहिला लेखक विद्यार्थी असतो का, विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात, एकच विद्यार्थी सगळीकडे दिसतो की वेगवेगळे, हे त्यातून कळते. मग त्या प्रयोगशाळेतील दोन विद्यार्थ्यांशी बोलावे, शक्य तर एक नवा आणि एक प्रबंधाच्या जवळ आलेला. ‘सर कसे आहेत?’ असे विचारले तर ‘चांगले आहेत’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी प्रयोग फसल्यावर काय होते, रजा कशी मिळते, मसुदा वाचून परत यायला किती दिवस लागतात, असे नेमके विचारावे. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोलता आले तर फारच उत्तम.

ज्या संस्थांत प्रवेशानंतर दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे आलटून पालटून काम करण्याची, म्हणजे रोटेशनची सोय असते, तिथे ही पारख प्रत्यक्ष करता येते. इतरत्र मुलाखतीच्या वेळीच मार्गदर्शक ठरतो आणि त्यात पुढे बदल करणे अवघड असते. जाहिरातीत त्या वर्षी कोणाकडे जागा आहेत ते पाहावे. विद्यापीठाच्या प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी अशी आयोगाची मर्यादा आहे. ज्यांच्या जागा भरल्या आहेत त्यांच्यासाठी अर्ज करून उपयोग नसतो.

अर्जापूर्वी शास्त्रज्ञांना ई-मेल पाठवावा का?

पाठवावा, पण तो त्यांच्यासाठीच लिहिलेला असावा. एकच मजकूर चाळीस जणांना गेला आहे हे पहिल्या ओळीत ओळखू येते. दीडशे-दोनशे शब्द पुरेत: तुम्ही कोण, सध्या काय करता, त्यांच्या कोणत्या कामाने कोणता प्रश्न तुमच्या मनात आला, आणि यंदा विद्यार्थी घेणार आहेत का. आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि मग सोडून द्यावे. जिथे निवड समिती केंद्रीय पद्धतीने प्रवेश देते तिथे उत्तर न आल्याने काहीच बिघडत नाही.

उद्देशपत्रात, म्हणजे एसओपीत, काय लिहावे?

बहुतेक अर्ज इथेच कमकुवत ठरतात. लहानपणापासूनची निसर्गाची आवड, आईवडिलांचे कष्ट आणि देशसेवेची इच्छा यांवर पहिले पान खर्च होते, आणि या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी समितीला त्यांतून उमेदवाराबद्दल काही कळत नाही. ज्या अर्जदाराने स्वतः काही मोजले, पाहिले, चुकवले आणि दुरुस्त केले त्याचे चार परिच्छेद लगेच वेगळे उठून दिसतात.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने रत्नागिरीजवळच्या सड्यावरील पावसाळी डबक्यांत बेडकांच्या अंड्यांची मोजणी केली. ‘जैवविविधतेचा अभ्यास केला’ एवढे लिहून थांबण्याऐवजी तिने असे लिहावे: उथळ डबक्यांत अंडी जास्त दिसली, मात्र डबक्याची खोली आणि त्यावरची सावली या दोन गोष्टी एकत्रच बदलत होत्या, त्यामुळे कारण कोणते हे माझ्या नोंदींतून ठरत नाही, पुन्हा केले तर सारख्या खोलीची सावलीतली आणि उन्हातली डबकी निवडीन. या तीन ओळींत तिचे वाचन, तिची शंका आणि तिची पुढची पायरी येऊन गेली. मोठे निष्कर्ष मिळाले नाहीत याचे समितीला काहीच वाटत नाही. बी.एस्सी.च्या प्रकल्पातून मोठा शोध लागावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

त्यानंतर आता कोणत्या प्रश्नांवर काम करायचे आहे आणि त्यासाठी हीच संस्था का, हे लिहावे. दोन किंवा तीन शास्त्रज्ञांची नावे घ्यावीत, आणि प्रत्येकाच्या नेमक्या कोणत्या कामात रस आहे ते सांगावे. ज्या तंत्राचे नाव अर्जात येईल त्यावर मुलाखतीत प्रश्न येणारच. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राबद्दल केवळ ऐकले असेल तर ते ‘येते’ असे लिहू नये.

हे पत्र एआयकडून लिहून घेतले तर?

व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही. पूर्ण पत्र लिहून घेतले तर ते गुळगुळीत होते, शेकडो अर्जांसारखेच दिसते, आणि मुलाखतीत त्यातल्या एखाद्या वाक्याचा अर्थ विचारला की अडचण होते. आधी मराठीत मुद्दे मांडून मग स्वतः इंग्रजीत उतरवणे बऱ्याच जणांना सोपे जाते.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे?

ज्यांनी तुमचे काम पाहिले आहे त्यांच्याकडून. ‘वर्गात नियमित, नम्र आणि कष्टाळू’ असे प्राचार्यांच्या सहीचे दोन ओळींचे पत्र, प्रकल्पावर सहा महिने देखरेख केलेल्या तरुण शिक्षिकेच्या तपशीलवार पत्रापुढे फिके पडते. किमान तीन आठवडे आधी विनंती करावी आणि सोबत गुणपत्रिका, उद्देशपत्राचा मसुदा व अंतिम तारीख लिहून द्यावी. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे काही शिक्षक सांगतात. तेव्हा पूर्ण पत्र न लिहिता केलेल्या कामाचे मुद्दे लिहून द्यावेत आणि मत त्यांनाच मांडू द्यावे. बऱ्याच संस्था आता पत्र थेट शिक्षकांच्या अधिकृत ई-मेलवरून मागवतात, म्हणून त्यांचा महाविद्यालयीन ई-मेल चालू आहे ना, हे आधीच विचारून घ्यावे.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात शिकलो. डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर यंत्र पाहिलेलेही नाही. माझा अर्ज टिकेल का?

टिकतो, मात्र त्यासाठी उन्हाळी सुट्ट्यांचा उपयोग करावा लागतो. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर निघतात, आणि उन्हाळा आल्यावर जागे होणाऱ्यांची संधी हुकते. टीआयएफआर आणि बंगळूरचे जवाहरलाल नेहरू केंद्र यांच्याही उन्हाळी योजना आहेत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून अर्ज करत राहावे.

तोवर आहे त्या साधनांत प्रश्न शोधावा. सूक्ष्मदर्शक, वर्णमापी, काही पेट्री डिश आणि आजूबाजूची शेते एवढ्यावर काटेकोर प्रयोग होऊ शकतो. नियंत्रण गट ठेवला, पुनरावृत्ती केल्या, नोंदवही तारखेनिशी लिहिली, तर ते काम समितीपुढे मानाने मांडता येते. जनुकीय अनुक्रमांचे सार्वजनिक साठे आणि पक्षीनिरीक्षणाच्या खुल्या नोंदी संगणकावर फुकट उपलब्ध आहेत. आर किंवा पायथॉन ही संगणकभाषा शिकून त्यांवर केलेला छोटासा अभ्यास आज अनेक प्रयोगशाळांना हवाच असतो. महागडे यंत्र हाताळता न येणे ही त्रुटी प्रवेशानंतर महिन्याभरात भरून निघते आणि हे मुलाखत घेणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

मुलाखतीत काय विचारतात?

सुरुवात बहुधा ‘तुमच्या आवडीचा विषय सांगा’ किंवा ‘तुमचा प्रकल्प समजावून सांगा’ अशी होते आणि मग प्रश्न खोल जात राहतात. हे नियंत्रण का ठेवले, ते नसते तर काय चुकले असते, तीनच नमुने का, आलेखावरची ही रेघ कशाची. शेवटी तुम्हाला माहीत नसलेल्या जागी आणून सोडले जाते, आणि तिथे तुम्ही कसे वागता हेच त्यांना पाहायचे असते. ‘माहीत नाही, पण असा विचार करता येईल’ हे उत्तर चालते. ठोकून दिलेले उत्तर चालत नाही.

सरावासाठी एक प्रश्न घेऊ. 2020 च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. कारण शोधायचे असेल तर काय कराल? ‘डीएनए अनुक्रमण करीन’ असे उत्तर पटकन येते आणि तिथेच थांबते. विचार करणारा उमेदवार आधी शक्यता मांडेल: खनिजांचा रंग, ड्युनालिएलासारखे शैवाल, किंवा क्षारप्रिय आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव). मग स्वस्त चाचणीपासून सुरुवात करेल. पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून काढले आणि खाली रंगहीन पाणी उतरले, तर रंग विरघळलेला नसून कणांत किंवा पेशींत आहे. काही मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून रंग खाली उतरला, तर शैवालापेक्षा लहान पेशींचा संशय घ्यावा. मात्र ड्युनालिएलाला पेशीभित्तिका नसल्याने ते गाळणीत फुटूही शकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आलेच. त्यानंतर पेशींतील रंगद्रव्य काढून त्याचा वर्णपट पाहावा, आणि अनुक्रमण सर्वांत शेवटी. सूक्ष्मजीव सापडले एवढ्यावरून रंग त्यांचाच असे ठरत नाही, हे न विचारता सांगणारा उमेदवार परीक्षकांच्या लक्षात राहतो. आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात तो रंग हॅलोआर्कियांमुळे, म्हणजे क्षारप्रिय आर्कियांमुळे, आल्याचे आढळले. परंतु हे उत्तर आधीपासून ठाऊक असल्याने मुलाखतीत फारसे गुण मिळत नाहीत.

माझे इंग्रजी कच्चे आहे. मुलाखत मराठीत देता येते का?

नेटचा पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत असतो, मुलाखत बहुधा इंग्रजीत होते. तरीही अडखळले तर ‘हे हिंदीत सांगू का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही, आणि समितीत मराठी जाणणारे कोणी असेल तर मराठीतही मुद्दा सांगता येतो. फळ्यावर आकृती काढून बोलल्यास भाषेचे निम्मे ओझे उतरते. प्रकल्पाची पाच मिनिटांची इंग्रजी मांडणी मित्रांपुढे मोठ्याने बोलून बसवावी. लिहिण्याचे इंग्रजी मात्र सुधारावेच लागते, कारण शोधनिबंध त्याच भाषेत लिहायचे असतात.

दरमहा किती पैसे मिळतात?

केंद्राच्या जेआरएफला 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहेत. दोन वर्षांनी प्रगतीचा आढावा होऊन वरिष्ठ छात्रवृत्ती मिळते, ती 42,000 रुपये. वसतिगृह मिळाले नाही तर नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. जैवतंत्रज्ञान विभागाच्या बेटमधून मिळणारी जेआरएफ दोन गटांत असते: पहिल्या गटातील छात्रवृत्ती उमेदवार स्वतः निवडलेल्या संस्थेत नेऊ शकतो, दुसऱ्या गटातील विभागाच्या प्रकल्पांशी जोडलेली असते.

छात्रवृत्तीचे पैसे काही वेळा महिनोन्‌महिने उशिरा येतात आणि मग थकबाकी एकदम मिळते. पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय करून मगच पुण्या-मुंबईत खोली भाड्याने घ्यावी.

राज्य सरकारच्या छात्रवृत्त्या आहेत का?

आहेत. अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजांसाठी सारथी, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी महाज्योती या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. त्यांसाठी साधारणपणे पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते, आणि एका वेळी दोन छात्रवृत्त्या घेता येत नाहीत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर योजना विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी आहे. त्याचे प्रमाणपत्र निकाल लागताच परीक्षा विभागातून मिळवावे, नंतर फार खेटे घालावे लागतात.

जातीच्या दाखल्यांबाबत काय काळजी घ्यावी?

केंद्रीय संस्थांत राज्याच्या नमुन्यातील ओबीसी दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातील, चालू वर्षासाठी वैध असलेले नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यात विमुक्त किंवा भटक्या जमातींत मोडणाऱ्या अनेक जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात आहेत. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांना लागू नाही. हा दाखला अर्ज भरण्याच्या आठवड्यात मागायला गेल्यास हाती वेळेवर पडेलच असे नाही.

पीएच.डी.ला किती वर्षे लागतात? मध्ये लग्न किंवा मूल झाले तर?

आयोगाच्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात, एकूण मर्यादा दहा वर्षांची. महिलांना संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. प्रत्यक्षात जीवविज्ञानात पाच ते सहा वर्षे धरून चालावे. लग्नाबद्दल मुलाखतीत प्रश्न आलाच, तर ‘संशोधन पूर्ण करण्याची योजना ठरलेली आहे’ एवढे सांगून विषय विज्ञानाकडे वळवावा, सविस्तर खुलासा देण्याचे बंधन नाही.

एम.एस्सी.नंतर दोन वर्षांचा खंड पडला आहे. अडचण येईल का?

खंडात काय केले ते एका वाक्यात खरे सांगितले तर येत नाही. घरातील आजारपण, नोकरी, परीक्षांची तयारी ही सगळी रास्त कारणे आहेत. जेआरएफला वयोमर्यादा असते, नेटमधील सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला नसते.

परदेशी अर्ज करणे अधिक चांगले का?

काहींसाठी. अमेरिकेतील जीवविज्ञानाच्या पीएच.डी.ला साधारणपणे शुल्कमाफी आणि विद्यावेतन असते, आणि अनेक विभागांनी जीआरई परीक्षेची सक्ती काढली आहे. अर्ज मुख्यतः डिसेंबरमध्ये संपतात. मात्र प्रत्येक अर्जाचे शुल्क डॉलरमध्ये असते, म्हणून शुल्कमाफीची विनंती आधी करावी.

यंदा कुठेच निवड झाली नाही तर वर्षभर काय करावे?

संशोधन प्रकल्पात प्रोजेक्ट असोसिएट म्हणून काम शोधावे. आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पेशी विज्ञान केंद्र यांच्या संकेतस्थळांवर अशा जागांच्या जाहिराती सतत येत असतात आणि काही जागांना नेट लागत नाही. वर्षभर केवळ शिकवणी लावून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे: पगार मिळतो, हात बसतो, आणि पुढच्या अर्जासाठी तुमचे काम पाहिलेला शिफारसकर्ता मिळतो. परीक्षेचा अभ्यास संध्याकाळी करावा लागतो, हे मात्र कष्टाचे आहे. कामाला लागतानाच प्रकल्पाच्या प्रमुखांना परीक्षांच्या तारखा सांगून ठेवाव्यात.

दोन ठिकाणी निवड झाली. कुठे जायचे ते कधीपर्यंत कळवावे?

निवडपत्रातील तारखेपूर्वी. दोन्ही ठिकाणी शुल्क भरून सत्र सुरू होईपर्यंत थांबण्याची पद्धत काही विद्यार्थी पाळतात, तिच्यामुळे प्रतीक्षायादीतील कोणाची तरी जागा अडते. निर्णय झाल्यावर दुसऱ्या संस्थेच्या प्रवेश कार्यालयाला आणि ज्या शास्त्रज्ञांशी बोलणे झाले होते त्यांना त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र पाठवावे. मूळ कागदपत्रे एका संस्थेने ठेवून घेतली असतील, तर ती परत मिळायला लागणारा वेळ धरूनच दुसरीकडील रुजू होण्याची तारीख ठरवून घ्यावी.